खालच्या कडेचा एक फोटो

मला 'पोकेमॉन एमराल्ड' हा जुना व्हिडिओ गेम हवा होता. निन्टेंडो कंपनीच्या गेम बॉय अॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या मशीनवर चालणारा, ओरिजिनल, चालू अवस्थेतला. डबा नको, पुस्तिका नको, नुसती कॅसेट. तिला कार्ट्रिज म्हणतात हे आता माहीत आहे, पण लहानपणी आम्ही कॅसेटच म्हणायचो आणि माझ्या तोंडी अजून तेच येतं. एवढ्या मागणीला सात महिने लागले. गेम तर पहिल्याच संध्याकाळी दहा ठिकाणी दिसला होता. सगळा वेळ गेला तो विकणाऱ्यांशी बोलण्यात.

शाळेत असताना ही कॅसेट माझ्याकडे होती. मैत्रिणीला दिली, तिच्याकडून आणखी कुणाकडे गेली आणि परत आली नाही. मशीन मात्र राहिलं, गेम बॉय अॅडव्हान्सचंच ते घडी होणारं रूप, एसपी. गेल्या वर्षी त्यात नवी बॅटरी घातली, चार्जर मिळवला, आणि बटण सरकवल्यावर तो हिरवा दिवा लागला तेव्हा मी ठरवलं की एमराल्ड पुन्हा पहिल्यापासून खेळायचा. तोही याच मशीनवर. मोबाइलवर कसाबसा चालवलेला नको होता.

भाव चढे असणार हे मला मान्य होतं. एमराल्ड २००४ मध्ये जपानात आला, २००५ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात. त्या मशीनच्या कॅसेटी बनणं कधीच थांबलंय. जेवढे नग जगात आहेत तेवढेच, आणि त्यातलेही काही दर वर्षी कचऱ्यात जातात. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० च्या आधी तिथे आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा नव्याने विकतच मिळत नव्हते, असं त्यात निघालं. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या दोन्ही मशीनचं ऑनलाइन दुकान खरेदीसाठी बंद झालं. जुना गेम खेळायचा तर जुनीच वस्तू शोधायची, म्हणजे ती ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात जायचं. त्यामुळे विकणाऱ्याने चार पैसे जास्त मागितले म्हणून मी कधी चिडले नाही. चिडले ते वेगळ्या कारणाने.

एमराल्डच्या नकली कॅसेटी इतक्या आहेत की विचारता सोय नाही. खरी आणि खोटी शेजारी ठेवली तर लगेच कळतं, पण फोटोत एकटी नकली कॅसेट बघून भलेभले फसतात. मी फसू नये म्हणून आधी पंधरा दिवस नुसतं वाचत होते. खऱ्या एमराल्डचं कवच हिरवं आणि अर्धपारदर्शक असतं, आणि आतली छोटी गोल बॅटरी बाहेरून दिसते. लेबलावर उजेड तिरका पाडला की दाबून उमटवलेला एक बारीक आकडा दिसतो. तो छापलेला नसतो, कागदातच खड्डा पडलेला असतो. लेबलावरचा कोड अमेरिकेतल्या प्रतीवर एजीबी-बीपीईई-यूएसए असाच हवा. पाठीमागचा स्क्रू तीन पात्यांचा असतो, साध्या पेचकसाने न फिरणारा. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे खालची कडा. मशीनमध्ये घुसणारी बाजू वर करून आत बघायचं. सोनेरी पट्ट्यांच्या वर, हिरव्या बोर्डावर, बारीक अक्षरांत 'निन्टेंडो' लिहिलेलं असतं. नकलीवर बहुतेक वेळा ते नसतं, किंवा अक्षरं फेंगडी असतात.

कॅसेट उघडावी लागत नाही. उलटी धरून एक फोटो काढला की झालं, अर्ध्या मिनिटाचं काम. सात महिन्यांत मी हा एकच फोटो वेगवेगळ्या माणसांकडे मागत होते.

पहिल्या माणसाची जाहिरात मोठ्या अक्षरांत होती. अतिदुर्मीळ, घासाघीस करणाऱ्यांनी मेसेज करू नये, मला भाव माहीत आहे. मी भावाबद्दल एक शब्द काढला नाही. "नमस्कार, कॅसेट अजून आहे का? असल्यास खालच्या कडेचा एक फोटो पाठवाल का?" एवढंच लिहिलं. उत्तर आलं, "फोटो दिलेत तेवढे बास आहेत. घ्यायची तर घ्या." जाहिरातीत फोटो एकच होता, समोरून काढलेला, लेबलावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडलेला. मी लिहिलं की नकली कॅसेटी फार आहेत म्हणून विचारलं, तुमच्यावर शंका नाही. त्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

त्याचा भाव मात्र माझ्या डोक्यात राहिला, म्हणून मी आणखी एक गोष्ट शिकले आणि ती पुढे फार उपयोगी पडली. जाहिरातीत लिहिलेली किंमत ही मागितलेली किंमत असते. वस्तू त्या भावाला गेली असं त्यातून कळत नाही. ईबेवर 'विकल्या गेलेल्या वस्तू' एवढ्याच बघायची सोय आहे, आणि प्राइसचार्टिंगसारख्या साइटवर अशा झालेल्या विक्रींचा हिशोब मिळतो, सुटी कॅसेट वेगळी, डबा-पुस्तिकेसह वेगळी, सील न फोडलेली वेगळी. तिथे बघितलं तर पहिल्या माणसाची किंमत प्रत्यक्ष विक्रीच्या जवळजवळ अडीचपट होती. त्याच्यासारख्याच किमती लावलेल्या आणखी आठ-नऊ जाहिराती होत्या आणि त्या महिनोन्महिने तिथेच पडून होत्या. एक जण दुसऱ्याची न विकलेली जाहिरात बघून आपली किंमत ठरवतो, तिसरा त्या दोघांची बघून. वस्तू एकाचीही हलत नाही, आणि तरी प्रत्येकाला वाटतं बाजारभाव हाच.

दुसऱ्या माणसाचं दुकान होतं. काचेचं कपाट, आत रांगेने कॅसेटी आणि डिस्क, कपाटाला कुलूप. एमराल्ड दुसऱ्या खणात होता. कवचाचा हिरवा रंग लांबूनच ओळखू आला आणि मला खरंच आनंद झाला. मग जवळ गेले.

किमतीचा स्टिकर त्याने लेबलावर चिकटवला होता. कवचावर नाही, पाठीवर नाही, थेट चित्रावर. शिवाय तो एकटा नव्हता. काचेला नाक लावून बघितलं तर एकावर एक तीन थर होते, सगळ्यात खालचा पिवळट पडलेला, मधला पांढरा, वरचा भडक केशरी. वरच्याचा एक कोपरा सुटला होता आणि त्याच्याबरोबर लेबलाचा वरचा चकचकीत पापुद्रा उचलला गेला होता, नखाएवढा. तिथला कागद केसाळ दिसत होता. वीस वर्षं कुणीतरी ती कॅसेट इतकी नीट जपली होती की लेबलाचे कोपरेसुद्धा झिजले नव्हते, आणि ते चित्र दुकानात आल्यावर किमतीच्या कागदाने सोललं. डिंक मुरला की असा स्टिकर काढणं कठीण असतं. ओढला तर चित्र जातं, आणि काढायला काही लावावं तर लेबलाला डाग पडायची भीती. कॅसेट प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत घालून पिशवीवर किंमत लावली असती तर काहीच झालं नसतं.

"दादा, ती हिरवी कॅसेट जरा बघू का?"

"घ्यायची असेल तर काढतो. मुलासाठी का?"

"माझ्यासाठी."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत मोबाइलमध्ये बघायला लागला. मी म्हटलं, घ्यायचीच आहे, फक्त खालच्या बाजूने एकदा बघते, मग पैसे देते. तो म्हणाला, "हात लावायचा नाही. ओरिजिनल आहे. माझ्याकडे डुप्लिकेट माल नसतो." मी म्हटलं, मग तुम्हीच धरा, मी नुसतं लांबून बघते. त्यावर तो उठला, कुलपाला हात लावला आणि थांबला. "किंमत बघितली ना? कमी होणार नाही. पेपर वाचता का? मारिओची कॅसेट पंधरा लाख डॉलरला गेली."

ती बातमी खरी आहे. २०२१ च्या जुलैमध्ये 'सुपर मारिओ ६४' ची एक प्रत अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. पण तिचं सील कधी फुटलेलं नव्हतं, ती तपासून दहापैकी ९.८ असा दर्जा देऊन पारदर्शक पेटीत बंद केलेली होती, आणि ती घेणारा ती खेळणार नव्हता. त्याच गेमच्या वापरलेल्या सुट्या कॅसेटी आजही सामान्य माणसाच्या खिशाला झेपतील अशा मिळतात, कारण त्या लाखोंनी विकल्या गेल्या होत्या. त्या एका लिलावाने कपाटांमधल्या किती कॅसेटींच्या किमती वाढल्या असतील! मी त्याला शांतपणे सांगायचा प्रयत्न केला की दोन्ही गोष्टींचा संबंध नाही. मग स्टिकरबद्दलही सांगितलं, की लेबल फाटतंय, निदान पुढच्या वेळी पिशवीवर लावा. तेव्हा तो कुलूप सोडून परत खुर्चीत बसला. "तुम्ही मला धंदा शिकवू नका."

मी निघाले. कॅसेट बहुतेक खरी होती, बॅटरी काचेतून दिसत होती. किंमतही मी दिली असती, मनाची तयारी झाली होती. पण माल हातात न देता, न दाखवता पैसे मागणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, हे मी त्या दुकानाच्या पायरीवर ठरवलं आणि पुढे पाळलं. एकदा सोडून.

तो एकदा म्हणजे तिसरा माणूस. तो उद्धट अजिबात नव्हता. उलट इतका गोड बोलायचा की मी सैल पडले. किंमत बाजारभावापेक्षा थोडी कमी, जाहिरातीत 'ओरिजिनल, सेव्ह होते' असं स्पष्ट लिहिलेलं. मी खालच्या कडेचा फोटो मागितला तर "हो ताई, नक्की, रात्री घरी गेलो की पाठवतो." रात्री फोटो आला. उत्तम फोटो, अक्षरं स्वच्छ. मग म्हणाला, साइटवरून घेतलंत तर त्यांना कमिशन द्यावं लागतं, थेट पाठवलेत तर आणखी कमी करतो. ते मी नाकारलं आणि त्या एका नकाराने माझे पैसे वाचले.

पार्सल आलं तेव्हा मी मोबाइल उभा करून ठेवला आणि व्हिडिओ सुरू करून ते उघडलं. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पाकिटावरचा पत्ता, न फोडलेली चिकटपट्टी, मग आतली वस्तू, सगळं एकाच सलग व्हिडिओत, मध्ये न थांबवता. कॅसेट हातात आल्याआल्या वजन हलकं लागलं. हिरवा रंग बाटलीच्या काचेसारखा, खऱ्यापेक्षा गडद. लेबल तिरकं धरून खिडकीशी नेलं, दाबलेला आकडा नाही. उलटी केली. बोर्ड कोरा. त्याने पाठवलेला फोटो दुसऱ्याच कुणाच्या कॅसेटचा होता. नंतर शोधल्यावर तोच फोटो मला चार वर्षं जुना सापडला.

स्क्रू तीन पात्यांचा नव्हता, साध्या फुलीचा होता. उघडली तर आत एक चिप, तिच्यावर काळ्या रंगाचा वाळलेला गोळा ओतलेला, आणि बॅटरीचा पत्ता नाही. मशीनमध्ये घातली तर गेम सुरू झाला, संगीत वाजलं. पहिल्या गावातून बाहेर पडून सेव्ह केलं, बंद केलं, परत लावलं, सेव्ह होतं. तिसऱ्या दिवशी गेलं. खेळणारीला तीन दिवसांचं नुकसान फार नाही. पण चाळीस तास खेळल्यावर हे झालं असतं तर? एखाद्या लहान मुलाने वाढदिवसाच्या पैशांतून ही घेतली असती तर?

मी त्याला फोटो पाठवले. पहिलं उत्तर आलं, "चालतेय ना?" दुसरं, "मी कुठे म्हटलं कंपनीची?" जाहिरातीतला 'ओरिजिनल' शब्द तोवर काढून टाकलेला होता, पण माझ्याकडे घ्यायच्या आधी काढलेला स्क्रीनशॉट होता. तो पाठवल्यावर तिसरं उत्तर आलं. "तुम्ही खरी काढून घेतली आणि नकली परत पाठवताय. असे लोक रोज भेटतात मला." ते वाचून मला रडू आलं. रक्कम गेली असती तरी सोसलं असतं, पण मला चोर म्हणावं? मग डोळे पुसले आणि तक्रार लिहिली. त्यात रागाचा एक शब्द ठेवला नाही. तारखा, स्क्रीनशॉट, व्हिडिओ, खऱ्या आणि या कॅसेटच्या खालच्या कडेचे फोटो शेजारी शेजारी. एकोणीस दिवसांनी पैसे परत आले. व्यवहार साइटवरून झाला होता म्हणूनच आले. बाहेरून पाठवले असते तर त्यांनी हात वर केले असते.

त्या माणसाचं एक वाक्य मात्र मनात रुतून बसलं, असे लोक रोज भेटतात मला. तो खोटं बोलत होता, पण असे लोक असतात हे खोटं नाही. मला ते कळलं कारण त्याच सुमारास मी माझ्याकडचा एक जास्तीचा कंट्रोलर विकायला काढला होता. पाच फोटो, एक बटण थोडं चिकटतं हे पहिल्याच ओळीत, किंमत झालेल्या विक्रींच्या सरासरीएवढी. पहिल्या संध्याकाळी चौदा मेसेज आले. नमस्कार नाही, काही नाही. "फायनल किती?" "अर्ध्यात देता?" "आहे का" एवढं विचारून गायब झालेले पाच. एकाने ठरवलं, वेळ ठरवली, मी दीड तास थांबले, तो आलाच नाही आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, अजून कमी कराल का. ज्याने शेवटी घेतला त्याने आठवड्याने लिहिलं की एक बटण चिकटतंय, थोडे पैसे परत द्या.

आठ दिवसांत माझीसुद्धा उत्तरं तुटक व्हायला लागली. एका बिचाऱ्याने साधं विचारलं होतं की केबल किती लांब आहे, त्याला मी "जाहिरात वाचा" असं लिहिलं. पाठवल्यावर जाहिरात उघडून बघितली, लांबी लिहिलीच नव्हती. त्याची माफी मागितली आणि केबल मोजून कळवली. काउंटरच्या पलीकडे बसलं की माणूस कसा कडवट होत जातो ते मला तेव्हा समजलं. पहिल्या माणसाने मला ब्लॉक केलं त्याआधी त्याच्याकडे असले किती जण येऊन गेले असतील. तरी मी फोटोच्या मागणीवर ठाम आहे. भाव न करणं हा विकणाऱ्याचा हक्क आहे. वस्तू न दाखवणं हा नाही.

फरक एवढा पडला की मी माझा मेसेज बदलला. आधी फक्त प्रश्न विचारायचे, आता विकणाऱ्याला हव्या असतात त्या गोष्टी आधीच सांगायला लागले. "नमस्कार. तुमची एमराल्डची कॅसेट मला स्वतःला खेळायला हवी आहे. तुम्ही लिहिलेली किंमत मला मान्य आहे. कॅसेट उलटी धरून खालच्या कडेचा एक फोटो पाठवलात तर मी आजच पैसे भरते. फोटो कसा हवा त्याचा नमुना सोबत जोडला आहे." किंमत जास्त असेल तिथे मधलं वाक्य बदलायचे, शेवटच्या पाच विक्रींच्या किमती लिहायचे आणि यातल्या सगळ्यात वरच्या किमतीला घ्यायला तयार आहे असं सांगायचे. अर्ध्यात मागणं मी कधीच केलं नाही. त्यातून विकणारा दुखावतो आणि पुढचं बोलणंच संपतं.

सगळे सुधारले असं नाही. एकाने लिहिलं, "इतकं तपासायचं तर नवीन घ्या." नवीन कुठे मिळतं ते मात्र सांगितलं नाही. एक डिस्कवाला भेटला, त्याच्याकडे दुसराच एक गेम बघत होते. तो खालची चकचकीत बाजू अभिमानाने दाखवत होता, एक ओरखडा नाही. वरची छापील बाजू दाखवा म्हटलं तर "वर काय बघायचं?" सीडीमध्ये सगळी माहिती त्या छापील बाजूच्या लगेच खालच्या थरात असते. खालचे ओरखडे घासून घालवता येतात, वरून खोल चरा पडला तर तो भाग कायमचा गेला. उजेडासमोर धरल्यावर टाचणीएवढी दोन भोकं आरपार दिसली. त्यालाही दाखवली. तो गप्प झाला, आणि मग खरंच म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं." त्याने ती डिस्क बाजूला काढून ठेवली. त्याच्याकडून नंतर मी दोन गेम घेतले.

चौथी जाहिरात साधी होती. घर आवरताना सापडलेल्या वस्तू, मुलाचे जुने गेम, चालतात की नाही माहीत नाही. विकणाऱ्या बाई होत्या. मी तोच मेसेज पाठवला. तासाभराने उत्तर आलं, "उलटी म्हणजे कशी?" मी नमुना पुन्हा पाठवला. पहिला फोटो हलला होता. दुसऱ्यात बोटं जास्त होती. तिसऱ्यात त्यांनी कॅसेट एका रेघांच्या वहीवर उभी केली होती, बाजूने टॉर्च धरला होता, आणि सोनेरी पट्ट्यांच्या वर ती बारीक अक्षरं सरळ ओळीत होती. खाली त्यांनी लिहिलं होतं, "हे हवं होतं का? आत काहीतरी लिहिलंय." मग न मागता लेबलाचा, पाठीचा आणि बॅटरीचा असे आणखी तीन.

किंमत त्यांनी जरा चढीच लावली होती. मी पाच विक्रींच्या किमती पाठवल्या. त्या म्हणाल्या, मला यातलं कळत नाही, दुसऱ्यांचं बघून लिहिलं, तुम्ही म्हणता ती वरची द्या. पार्सल आलं तेव्हा कॅसेट चष्म्याच्या जुन्या कडक डबीत, कापसात बसवलेली होती. व्हिडिओ मी तरीही केला.

सुरू केल्यावर पडद्यावर सूचना आली, आतली बॅटरी संपली आहे, गेम खेळता येईल पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी होणार नाहीत. ती वाचून मी खूश झाले. इतक्या जुन्या खऱ्या कॅसेटवर ही सूचना येणं स्वाभाविकच आहे. या गेममध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत राहतं, बॅटरी फक्त घड्याळासाठी असते. म्हणजे बॅटरी मेली तरी जुना डाव आत शाबूत होता. एकशे बारा तासांचा. मी गेममधल्या खेळाडूच्या नावाच्या कार्डाचा फोटो काढून बाईंना पाठवला आणि लिहिलं, तुमच्या मुलाचा डाव अजून आत आहे. एका कॅसेटमध्ये एकच डाव राहतो, मला नवा सुरू करायचा तर हा जाईल, चालेल का?

उत्तर रात्री आलं. "हे नाव मुलाचं नाही, मुलीचं आहे. आम्हाला वाटायचं तोच खेळतो. ती आत्ता फोनवर आहे आणि विचारतेय, तिचे सगळे पोकेमॉन आहेत का अजून?"

होते सगळे. मी कॅसेट वाचायचं छोटं यंत्र मागवलं, कॉम्प्युटरला जोडलं आणि तिचा डाव फाइल करून उतरवून घेतला. दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवला, एकदा उघडून नीट चालतो हे बघितलं आणि मग तिला पाठवला. पुढच्या आठवड्यात सीआर १६१६ मापाची, पट्ट्या जोडलेली नवी बॅटरी आणली. तीन पात्यांचा स्क्रू काढला, जुनी बॅटरी सोडवली, नवी डागून बसवली, कवच मिटलं.

या वेळी ती सूचना आली नाही. गेममध्ये सामानाच्या ट्रकमधून उतरले, नव्या घरात शिरले. आईने सांगितलं, वरच्या खोलीतलं घड्याळ लाव. मी मोबाइलमध्ये वेळ बघितली, जिना चढले आणि काटे फिरवून दहा चाळीसवर आणले.